पाडण्याआधी एकदा मोजा

प्रति,
मा. आयुक्त आणि सर्व लोकप्रतिनिधी, अहिल्यानगर महानगरपालिका,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर



मी केडगावचा रहिवासी. २००३ मध्ये नगरची महापालिका झाली आणि आमचे गाव शहरात आले. तरीही इथली जुनी माणसे कापड बाजारात निघाली की आजही ‘नगरात जाऊन येतो’ असेच म्हणतात. त्याच नगराबद्दल आणि आमच्या गावठाणाबद्दल थोडे लिहायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावठाणातला एक वाडा पाडला. सकाळी आठला जेसीबी आला आणि दुपारच्या जेवणाआधी जागा मोकळी झाली. मी समोरच्या ओट्यावर बसून होतो. आधी माळवदाची पांढरी माती धुरळ्यासह खाली आली, मग कडीपाट उघडा पडला. सागवानी तुळया साखळीने ओढून काढल्या. सोप्यातल्या खांबांच्या दगडी उथळ्यांवर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या. लहानपणी गोट्या खेळताना आम्ही त्याच उथळ्यांना टेकून बसायचो. तुळया लाकडाच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढल्या, उथळे कुणाच्या तरी फार्महाऊसवर गेले आणि भिंतीतला घडीव दगड भरावात पडला. त्या वाड्याला कुणी टेप लावला नाही, कागदावर त्याची एक रेघ ओढली नाही. आता तो किती खणांचा होता यावरसुद्धा आम्हा शेजाऱ्यांत एकमत होत नाही.

मालकाला मी दोष देत नाही. वारस पाच, त्यातले तीन बाहेरगावी. माळवदावर दर पावसाळ्याआधी माती टाकून ती चोपावी लागते आणि ते काम जाणणारी माणसे आता मिळत नाहीत. वाडा टिकवला असता तर त्याला कुणी एक रुपया दिला नसता. पाडला म्हणून त्याला फ्लॅट मिळाला. हा हिशेब बदलणे मालकाच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

नगर १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवले. फराहबाग, दमडी मशीद, बागरोजा, डोंगरावरची सलाबतखानाची कबर (जिला आपण चांदबीबी महाल म्हणतो) या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांच्या भोवती १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. देखभालीत उणिवा असतील, पण या वास्तू कुणी रातोरात पाडू शकत नाही, कारण त्या यादीत आहेत. प्रश्न यादीबाहेरच्या वास्तूंचा आहे: माळीवाड्यापासून दिल्ली दरवाजापर्यंतच्या गल्लीबोळांतले वाडे, बारवा, पार, ब्रिटिश काळातल्या दगडी इमारती आणि शहरात मिसळलेल्या खेड्यांची गावठाणे.

शहराभोवतीचा कोट सोळाव्या शतकातला. त्याची भिंत जवळपास गेली, मोजक्या वेशी राहिल्या. वेशीमुळे रस्ता तुंबतो ही तक्रार खरी आहे. रोज सकाळी तिथून जाणाऱ्याला ती कळते. पण रस्ता वळवता येतो, वेस पुन्हा बांधता येत नाही. छत्रपती संभाजीनगरात मकाई दरवाजा जागेवर ठेवून वाहतुकीसाठी शेजारी पूल बांधला गेला. पुण्यात विश्रामबागवाडा महापालिकेनेच जपला आहे. त्यांना जमले ते आपल्याला जमणार नाही असे मी मानत नाही.

नव्या बांधकामाला माझा विरोध नाही. केडगावात पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोसायट्या उभ्या राहिल्या, नोकरदारांना घरे मिळाली, हे चांगलेच झाले. मात्र पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत काच आणि समोर चकचकीत पत्रे लावलेली इमारत नगरच्या एप्रिल-मे महिन्यात भट्टीसारखी तापते, मग एसीच्या पेट्या लटकवाव्या लागतात. फराहबाग बांधणाऱ्यांना आपला उन्हाळा ठाऊक होता. १५८३ मध्ये पूर्ण झालेल्या या महालाच्या चारही बाजूंना पाणी होते. वाड्याच्या जाड भिंती, मधला चौक, खोल सोपा हे सगळे त्याच जाणिवेतून आले. आपल्या वास्तुविशारदांना शिकायला इतके चांगले धडे घरच्या अंगणात आहेत. ते धडे आपण भरावात टाकत आहोत.

आता मागण्या. भिंगारचा अपवाद सोडला तर यातली एकही आपल्या अधिकाराबाहेरची नाही.

१. शहराची वारसा यादी करा आणि ती प्रभागवार लोकांसमोर ठेवा. केडगाव, भिंगार, सावेडी, नागापूर, बोल्हेगाव यांची गावठाणे त्यातून सुटू नयेत. भिंगार लष्करी छावणीच्या हद्दीत येते, तेव्हा त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घ्यावा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे. ती वापरा, वारसा समिती नेमा.

२. जुनी इमारत पाडण्याची परवानगी देण्याआधी तिचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे दप्तरी लावणे सक्तीचे करा. इमारत धोकादायक असली तरी नोंदीला दोन दिवस मिळतातच.

३. वाडा राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या, त्याच्या न वापरलेल्या बांधकामाच्या हक्काचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काच्या (टीडीआर) रूपाने द्या. वारशाचा बोजा एकट्या मालकाच्या खांद्यावर टाकू नका.

४. निजामशाहीत शहराला खापरी नळांनी पाणी येत असे. गटारीसाठी किंवा जलवाहिनीसाठी खोदताना असा नळ लागला तर काम थांबवून नोंद करण्याची अट ठेकेदाराच्या करारात घाला.

५. पाडलेल्या वाड्यांचे कोरीव लाकूड, उथळे, दिंडी दरवाजे ठेवायला एक जागा द्या. दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून रास्त दरात सामान मिळावे.

२०२४ मध्ये या शहराला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्या याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. काशीपासून देशभर त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, पडकी देवळे पुन्हा उभी केली. त्यांचे नाव लावणाऱ्या शहराने जुने राखण्यात पुढे असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या गावठाणात अजून काही वाडे उभे आहेत. त्यातल्या एकाचा दिंडी दरवाजा रोज संध्याकाळी कुरकुरत बंद होतो आणि आडव्या अडसराचा आवाज गल्लीभर ऐकू येतो. आपला अभियंता टेप आणि कॅमेरा घेऊन ज्या दिवशी येईल, त्या दिवशी टेपचे दुसरे टोक धरायला मी हजर असेन. फक्त तो जेसीबीच्या आधी यावा, एवढीच विनंती.

आपला विश्वासू,
केडगाव गावठाणातला एक करदाता