रकान्याचा प्रकार विचारा, अंदाज नको

भोसरीच्या एमआयडीसीतील टर्नर असो की चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारा फॅब्रिकेटर, आपल्या अनेक बांधवांची चलाने व बिले आता संगणकावर निघतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु संगणकातील नोंदवहीच्या प्रत्येक रकान्याला प्रकार असतो: अक्षरे, पूर्णांक, दशांश किंवा तारीख. त्याकडे दुर्लक्ष केल्यास नुकसान मालकाचेच होते.

ड्रॉइंग नंबर ००४५७ आकडा म्हणून नोंदवला, तर पुढची शून्ये गळून ४५७ उरतो. १६ अंकी बँक खाते क्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून घातला, तर शेवटच्या अंकाचे शून्य होते. कारण एक्सेल १५ अंकच जपते. आणि ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी आलेला कच्चा माल सर्वसाधारणपणे एका वर्षात परत जावा लागतो. तेथे महिन्याची चूक महागात पडते.

‘प्रोग्रामला सगळे आपोआप कळते,’ असे प्रोग्रामर सांगतात. हे अर्धसत्य आहे. जावा भाषेत निकालासोबत रकान्याचा प्रकार, अंकांची लांबी आणि दशांश स्थळे विचारून घेता येतात. पायथनमधून एसक्यूलाइट वापरले, तर निकालाच्या वर्णनात रकान्याचे फक्त नाव येते, प्रकाराची जागा रिकामी असते. शिवाय एसक्यूलाइट साधारणपणे आकड्याच्या रकान्यात अक्षरेही खपवून घेते. मायएसक्यूएलमध्ये ‘हो-नाही’चा रकाना प्रत्यक्षात लहान पूर्णांक असतो. म्हणजे उत्तर भाषेप्रमाणे आणि डेटाबेसप्रमाणे बदलते.

लहान धंद्याला ही कटकट कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्या कंपनीकडे चूक शोधायला माणसे असतात. आपल्याकडे चूक कळते ती माल परत आल्यावर किंवा पेमेंट अडकल्यावर.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रोग्रामरकडून रकान्यांची व प्रकारांची लेखी यादी घ्यावी. ड्रॉइंग नंबर, खाते क्रमांक व जीएसटी क्रमांक अक्षरांत, रक्कम दशांशात आणि तारीख तारखेतच हवी. मग शून्याने सुरू होणारा एक नंबर स्वतः घालून, छापून पाहावा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. आज आपला लेखनिक संगणक आहे. त्याने नीट लिहिले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपलीच.