नकाशावर आधी पडवी

सिरोंचाहून गडचिरोलीचे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठात निघालेली मुलगी पहाटेच्या एसटीत बसते, सोबत वडील असतात. खिडकीवरचे काम अर्ध्या तासाचे. पण येण्याजाण्यात आणि थांबण्यात अख्खा दिवस जातो. त्या दिवसात हे दोघे बसतात कुठे, हा प्रश्न मला कॅम्पसच्या रचनेतला पहिला प्रश्न वाटतो.

२०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. अशा तरुण विद्यापीठांची संकुले आखताना आपण वास्तुरचनाकार पुण्या-मुंबईचे नमुने उचलतो: दर्शनी काच, मधोमध हिरवळ, कडेला फरसबंदी. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जातो. त्या उन्हात हिरवळ पाणी पिते, काच वीज खाते आणि माणूस पार्किंगच्या पत्र्याखाली उभा राहतो.

या भागातल्या घरांकडे नीट पाहा. कवेलूचे उतरते छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येते, त्याखाली पडवीत शेणाने सारवलेला ओटा. पाहुणा आधी तिथे टेकतो, पाणी पितो, मग बोलणे सुरू होते. माडिया गावांतला गोटुलही असाच: जाड लाकडी खांब, वर छप्पर आणि साऱ्या गावाचा हक्क. सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे इथल्या लोकांना शिकवायची गरज नाही.

साहित्याचेही तेच. बांबू इथलाच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू केंद्रातल्या इमारतींना २०२१ मध्ये आग लागली, तेव्हापासून बांबूचे नाव काढले की तीच आठवण सांगितली जाते. बांबू टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. इमारतींत पुरेसे अंतर, मधे विटांच्या आडभिंती, हाताशी पाण्याचा साठा आणि बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया हे सगळे पहिल्या आराखड्यातच यायला हवे. जोत्याची उंचीही पुराच्या खुणा पाहून ठरवावी. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेने सिरोंचा तालुक्याला ते दाखवून दिले आहे.

झाडांचेही तसेच. जागेवरचे मोहाचे किंवा ऐनाचे झाड तोडून तिथे रोपटे लावणे, ही हिशेबातली चूक आहे. ती सावली परत यायला पंचवीस वर्षे लागतात.

आपल्यापैकी जे सध्या एखादे संकुल आखत आहेत त्यांना विनंती: आराखडा पाठवाल तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी दोनची सावली त्यावर काढून पाठवा. तिच्यात किती माणसे बसतील, तेही लिहा.