पाच वर्षं आजारी पडायचं नाही!

मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, तिथला नागरिक झाला, की पासष्टीच्या आसपासच्या घरांत एक विषय हमखास निघतो. ‘आई, आता तुम्ही दोघं इकडेच या. ग्रीन कार्डाचं मी बघतो.’ मग कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, मुलाखत असं सगळं रीतसर पार पडतं. चोरवाटेने कुणी जात नाही. सरकारच बोलावतं, सरकारच शिक्का मारतं. आणि तरीही हातात ग्रीन कार्ड पडल्यावर ते सरकार जणू म्हणतं, या, राहा, पण पाच वर्षं आजारी पडू नका!

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी हे सांगते तेव्हा बायकांना खरंच वाटत नाही. अमेरिका म्हणजे सगळं सरकार बघतं, असा आपला समज. पण २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी वैद्यकीय मदतीपासून, पाच वर्षं लांब ठेवलं. ज्येष्ठांचा मेडिकेअर विमा हप्ते भरून घ्यायचा, तरी सलग पाच वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. निराधार वृद्धांना मिळणारा मासिक भत्ता हवा, तर नागरिक व्हा, नाहीतर चाळीस तिमाहींच्या, म्हणजे सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद दाखवा.

आता या चाळीस तिमाहींत काय धरतात? पगारी काम. सुनेचं बाळंतपण, नातवंडांना न्हाऊमाखू घालणं, दोघं कामावर गेल्यावर घर सांभाळणं, यातली एकही तिमाही मोजली जात नाही. इथे जन्मभर ‘काही करत नाही, घरीच असते’ हे ऐकलेल्या बाईला तिकडेही तेच ऐकावं लागतं, फक्त इंग्रजीतून!

‘मुलाने हमीपत्र दिलंय ना, मग सरकारने का बघावं?’ असं विचारणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. आईवडिलांना पोसायची जबाबदारी मुलानेच घेतलेली असते आणि पोसतोही तो. पण जेवूखाऊ घालणं वेगळं आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेचं बिल भरणं वेगळं. तिथल्या कंपनीच्या विम्यात बायको-मुलं येतात, आईवडील सहसा येत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या विम्यात जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात. मग इथून वर्षभराच्या गोळ्या बांधून न्यायच्या आणि छातीत दुखलं तरी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून गप्प राहायचं. शिवाय त्याच मुलाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७.६५ टक्के दरवेळी कापले जातातच ना?

मधल्या काळात थोडी दारं उघडली होती. २००२ साली कायदेशीर स्थलांतरितांच्या मुलांना फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नासाठीची मदत, पाच वर्षं न थांबता द्यायचं ठरलं. २००९ मध्ये राज्यांना मुभा मिळाली, की मुलं आणि गर्भवती यांना ही वाट बघायला लावू नका. ओबामांच्या आरोग्य कायद्यामुळे २०१४ पासून अत्यल्प उत्पन्नाच्या ग्रीन कार्डधारकांना सवलतीत विमा मिळू लागला, अगदी त्या पाच वर्षांतही. पण ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने जो कायदा झाला, त्याने ही सवलत १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. त्याच कायद्याने निर्वासित म्हणून रीतसर आसरा दिलेल्यांनाही फूड स्टॅम्पमधून वगळलं. म्हणजे ज्याला घरात घेतलं, त्यालाच पंगतीतून उठवलं.

मला वाटतं, निदान आजारपणासाठी तरी ही पाच वर्षांची अट जायला हवी. आजार कार्डावरची तारीख बघून येत नाही. वेळेवर रक्तदाबाची गोळी दिली नाही, तर पुढे अर्धांगवायूचा खर्च कुणाला तरी करावाच लागतो. चेन्नईत जन्मलेल्या खासदार प्रमिला जयपाल यांनी ही अट रद्द करणारं विधेयक २०२१ मध्ये मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. तिथे मत देणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आपापल्या खासदाराला याबद्दल विचारायला काय हरकत आहे? गणेशोत्सवाला हजारो माणसं जमवतात, मग चार पत्रं लिहिणं अवघड नाही.

आणि मैत्रिणींनो, जायची तयारी करत असाल, तर चकली-भाजणीच्या आधी मुलाला एवढंच विचारा, ‘बाळा, आमच्या आजारपणाची काय सोय केली आहेस?’ हे विचारण्यात संकोच कसला? आपल्या तब्येतीची चौकशी आपणच करायची असते.