‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्नच चुकीचा

घटस्फोटाचा खटला सुरू असलेल्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुला आईकडे राहायचंय की बाबांकडे?’ हे सगळेच विचारतात. आजी, मामा, आत्या, कधी शेजारीसुद्धा. कायदा मात्र इतका उतावळा नाही. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ एवढेच सांगते, की मूल समजून-उमजून पसंती ठरवण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. घेतलीच पाहिजे असे नाही. मुख्य म्हणजे त्यासाठी वय दिलेले नाही. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे सगळा भार ‘मुलाचे हित’ या शब्दांवर.

मग ही समज येते कधी? १९८२ साली अमेरिकेत ९, १४, १८ आणि २१ वर्षांच्या मुलांसमोर उपचारांविषयीचे काल्पनिक पेच ठेवून पाहिले गेले. चौदा वर्षांच्या मुलांचा विचार मोठ्यांच्या तोडीचा निघाला. २०१९मध्ये भारतासह ११ देशांतल्या, १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शांतपणे तर्क करण्याची ताकद सोळाच्या सुमारास प्रौढांइतकी होते; भावना आवरण्याची, दबाव झुगारण्याची ताकद मात्र अठरानंतरही वाढतच असते, असे त्यात दिसले.

ताब्याच्या भांडणात गोची नेमकी इथेच आहे. मुलाकडे डोके असते, पण ते शांतपणे चालवायला घरात जागा नसते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अशी मुले पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. बारकाईने विचारले की कळते, दुखणे कोर्टाच्या तारखेच्या आठवड्यात वाढते. हे नाटक नसते. पोट खरेच दुखते. एक मुलगी मला म्हणाली होती, “एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याला मी सोडलं असं होतं ना?” कायद्याच्या पुस्तकात ‘पसंती’ हा शब्द किती हलका वाटतो!

पसंती विकतही घेतली जाते. नवा मोबाइल, अभ्यासाची सक्ती नाही, रात्री कितीही वाजेपर्यंत जागा. दुसऱ्या पालकाविषयी मुलाचे मन कलुषित करण्याच्या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयानेही २०१७च्या एका निकालात घेतली. पण हे हत्यार दुधारी आहे. ज्या मुलाने घरात मारहाण पाहिली, त्याची भीती ‘पढवलेली’ म्हणून उडवून लावली तर अनर्थ होतो.

म्हणून मुलाला विचारायलाच हवे. फक्त निवड करायला लावू नये. शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, ताप आला तर रात्री कोण उठतं, धाकट्या भावाशिवाय राहशील का, कुणाची भीती वाटते का, अशा प्रश्नांची उत्तरे मूल कुणाशीही बेइमानी न करता देऊ शकते. एकट्याला, एकापेक्षा जास्त वेळा, आणि ‘निर्णय न्यायाधीशांचा आहे, तुझा नाही’ हे आधी सांगून. ताब्याचा आदेश पुढे बदलता येतो, हेही त्याला माहीत असावे. तेराव्या वर्षीचे मत पंधराव्या वर्षी तेच राहील असे नाही. वैद्यकीय संशोधनात सहभागी करून घ्यायचे असेल तर आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा ते अठरा वयाच्या मुलाची लेखी संमती पालकांच्या संमतीबरोबरच घ्यावी लागते. तिथे जमते, तर इथेही जमावे.

कुटुंब न्यायालय कायद्याच्या (१९८४) कलम १२नुसार न्यायालय डॉक्टर किंवा कल्याणतज्ज्ञाची मदत घेऊ शकते. माझ्या नोकरीत अशी विचारणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच झाली. तोवर पालकांच्या हाती एवढे आहे: कोर्टात जाताना रिक्षात मुलाची उजळणी घेऊ नका, परतताना ‘काय सांगितलंस?’ असे विचारू नका. दुखणी लांबली तर नव्या तपासण्यांआधी डॉक्टरांना खटल्याची कल्पना द्या. आणि मुलाला १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक देऊन ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि पलीकडचा माणूस आईचाही नसतो नि बाबांचाही नसतो.