छायाचित्रणाचा छंद : छपराचे पूल आणि डोंगरी ओढे

अमेरिकेंत असलेल्या मुलामुलींकडे पानझडीच्या ऋतूंत जाऊन राहणारी वडीलधारी मंडळी आपल्या समाजांत आतां थोडी नाहीं. नातवंडांचें कोडकौतुक झालें, दुकानें पाहून झालीं, म्हणजे एकाद्या रविवारीं मोटार डोंगरांकडे वळते, आणि तेथें ओढ्यावरचा लांकडी, छपराचा, दोहों बाजूंनीं फळ्या ठोकून बंद केलेला पूल प्रथमच दृष्टीस पडतो. याचें छायाचित्र कसें घ्यावें, अशी पृच्छा करणारीं पत्रें आमच्याकडे वारंवार येतात. त्या सर्वांस एकत्रच उत्तर द्यावें असें या खेपेस योजिलें आहे.

पुष्कळ वाचकांनीं असले पूल ‘ब्रिजेस ऑफ मॅडिसन कौंटी’ या १९९५ च्या चित्रपटांत पाहिले असतील. त्यांतील नायकही छायाचित्रकारच आहे. परंतु ती कथा घडते आयोवाच्या शेतीच्या मुलखांत. छपराचा पूल आणि खडकांवरून धांवणारा ओढा हीं दोन्हीं एकाच चौकटींत हवीं असतील, तर ईशान्येकडील व्हरमाँट व न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांकडे जावें. एकट्या व्हरमाँटमध्यें आजही शंभरावर छपराचे पूल उभे आहेत.

पुलास छप्पर कशाला, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनांत येतो. वाटसरूंना पावसांत आडोसा मिळावा म्हणून, असें पुष्कळजण समजतात. तें खरें नव्हे. छप्पर आहे तें पुलासाठीं. पुलाचा सगळा भार दोहों बाजूंच्या लांकडी कैचीवर असतो. ही कैची उघडी राहिली तर पावसानें व वितळत्या बर्फानें तिचे सांधे कुजतात, आणि दहावीस वर्षांत पूल नवा करावा लागतो. तीच झांकून घेतली म्हणजे शतक उलटलें तरी टिकते. आपल्या कोंकणांत मातीच्या भिंतींस पावसाचा मार लागूं नये म्हणून झांपांचा आडोसा बांधतात, त्यांतलीच ही युक्ति. अमेरिकेंत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर योजिली गेली फिलाडेल्फियास, १८०५ सालीं, टिमथी पामर याच्या पुलावर. पुढें १८२० मध्यें इथिएल टाउन यानें जाळीच्या कैचीचें पेटंट घेतलें. तिरप्या फळ्या एकमेकींवर फुलीसारख्या टाकावयाच्या आणि लांकडाच्या खुंट्यांनीं जखडावयाच्या, एवढाच तो प्रकार. त्यास अवजड तुळया लागत नसत व खेड्यांतला सुतारही तो पूल उभा करूं शके. या सोईमुळेंच ओढ्याओढ्यावर असे पूल झाले. गंमत अशी कीं, छपरामुळें आंत बर्फ पडत नसे, म्हणून हिवाळ्यांत घसरगाड्या जाण्यासाठीं माणसें लावून पुलाच्या तळावर मुद्दाम बर्फ पसरावें लागे!

ही हकीकत आम्ही येथें सांगितली, ती वाचकांचें ज्ञान वाढावें एवढ्याचसाठीं नव्हे. पूल कशासाठीं झांकला आहे हें ज्यास ठाऊक आहे, तो आपला कॅमेरा निराळ्या जागीं नेऊन ठेवतो. बहुतेक छायाचित्रें पुलाच्या तोंडाचीं असतात : तांबडें दार, त्यावर पेटल्यासारखा मेपलचा वृक्ष, आणि पुढें रांगेनें उभें केलेलें कुटुंब. असें एक चित्र अवश्य घ्यावें. घरच्या मंडळींस तेंच आवडेल. पण घेऊन झाल्यावर तेवढ्यावर मोटारींत बसूं नये. पुलाचा जीव आंत आहे आणि त्याचा वैरी खालीं वाहतो आहे. दिनदर्शिकेवरच्या चित्रांत यांपैकीं एकही दिसत नाहीं.

आधीं आंत जाऊं. बाहेर लख्ख ऊन असलें कीं आंत अंधार दिसतो. त्या वेळीं कॅमेऱ्याच्या मापावर विसंबल्यास एक तर दाराबाहेरचें जग पांढरें फटफटीत होतें, नाहीं तर कैची काळी पडते. दोहोंस एका चित्रांत सांभाळणें कठीण, म्हणून अभ्राच्छादित दिवस निवडावा, किंवा सूर्य मावळल्यावरचा अर्धा घटका वेळ. तेव्हां आंतला व बाहेरचा उजेड जवळजवळ येतो. तिपाई कडेला, फळ्यांच्या भिंतीशीं लावून ठेवावी. संवेदनांक १०० व छिद्र ८ ठेवल्यास दोनचार सेकंदांचें एक्स्पोजर लागणें नवल नाहीं. यांत एक अडचण आहे, ती पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. पुलाचा तळ लांकडी असल्यामुळें मोटार येतांच तो हालतो, आणि त्याबरोबर तिपाईही. गाडी पार होऊन फळ्या निश्चल होईपर्यंत शटरला हात लावूं नये. यांतील पुष्कळ पूल आजही रहदारीचे आहेत व आंत एकाच गाडीपुरती वाट असते. तेव्हां एकानें चित्र घ्यावें व दुसऱ्यानें दाराशीं उभें राहून गाड्यांकडे लक्ष ठेवावें. उभयतां गेलां असाल तर ही कामाची वांटणी सहज होईल.

आतां ओढ्याकडे. येथें आमचा हल्लींच्या रिवाजाशीं मतभेद आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

वाहत्या पाण्याचें चित्र घेतांना शटर दोनचार सेकंद उघडें ठेवावें, म्हणजे पाणी रेशमासारखें, धुक्यासारखें गुळगुळीत दिसतें, असें जो तो सांगतो. त्यासाठीं काळीं भिंगें विकत मिळतात, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांतही आतां ही करामत बटणासरशीं होते. चित्र गोंडस दिसतें, यांत शंका नाहीं. एकाद्या रानांतल्या निवांत ओहोळास तें शोभूनही दिसतें. परंतु छपराच्या पुलाखालच्या पाण्यास तें रूप देणें आम्हांस पटत नाहीं. त्या रेशमाला दिशा नसते, वजन नसतें. धोंड्यास आपटून पाणी कोणीकडे वळलें, भोंवरा कोठें झाला, पुलाच्या दगडी पायाला धार कोठें घांसते, हें सारें त्यांत पुसून जातें. उलट १/५०० सेकंदांत घेतलें तर थेंब न् थेंब हवेंत गोठतो व पाणी कांचेच्या चुऱ्यासारखें दिसतें. तेंही डोळ्यांस दिसणारें पाणी नव्हे. आमच्या मतें १/१५ पासून १/४ सेकंदापर्यंतचा काळ उत्तम. त्यांत धारेच्या रेघा उमटतात, पण धार धारच राहते.

हा काळ साधावा कसा? दाट झाडीखालीं, ढगाळ दिवशीं, संवेदनांक १०० व छिद्र ११ असतां साधारणतः पाव सेकंदाच्या आसपास माप येतें. त्यावर पोलरायझिंग फिल्टर चढविला तर तो दीड पायरीइतका प्रकाश खातो आणि काळ अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे जातो. पण तो फिल्टर काढूं नये. ओल्या खडकांवरची व पानांवरची चकाकी त्यानें जाते, ओढ्याचा तळ दिसूं लागतो, आणि शेवाळाचा हिरवा रंग खुलतो. हें काम मागाहून संगणकावर होत नाहीं. त्याऐवजीं संवेदनांक ४०० करावा, म्हणजे काळ पुन्हां १/६ सेकंदाच्या आसपास येतो. फिल्टर लावून सोडून देऊं नये. डोळ्याशीं धरून हळूहळू फिरवावा आणि खडक काळेभोर दिसूं लागतांच थांबावें. भोंवतालीं काळी झाडी फार असली कीं कॅमेऱ्याचें माप फसतें आणि फेंसाचा पांढरा ठिक्कर कागद होतो, म्हणून एक पायरी कमी एक्स्पोजर देणें बरें. काळोखांतलें रूप पुढें उजळतां येतें; जळलेला फेंस परत येत नाहीं. वारा असेल तर पानें हालून पुसट होतात. त्यावर उपाय नाहीं. वारा पडेपर्यंत थांबणें हाच उपाय.

हें सर्व करून पाहण्यास न्यू हॅम्पशायरमधील आल्बनीचा पूल फार चांगला. कँकमॅगस नांवाच्या डोंगरी रस्त्यालगत, स्विफ्ट नदीवर तो १८५८ पासून उभा आहे. लांबी सुमारें १२० फूट. नदीच्या नांवाचा अर्थच ‘वेगवान्’ असा आहे, आणि पात्रांत ग्रॅनाइटचे धोंडे पसरले आहेत. पूल चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागांत ठेवावा आणि खालचे दोन भाग पाण्यास द्यावे. कॅमेरा पुलाच्या उंचीकडे मान करून तिरपा धरूं नये, नाहीं तर भिंती मागें कललेल्या दिसतात. मागें सरावें व कॅमेरा सरळ ठेवावा.

पाण्याविषयीं आम्ही एवढा आग्रह कां धरतों, तें सांगतों. २०११ सालच्या ऑगस्टच्या २८ तारखेस आयरीन नांवाचें वादळ या डोंगरांवर येऊन फुटलें. एका दिवसांत ओढ्यांच्या नद्या झाल्या. व्हरमाँटमधील बार्टन्सव्हिल येथील १८७० सालचा, टाउनच्या जाळीचा पूल विल्यम्स नदींत कोसळला. तो कोसळत असतांनाचें एका गांवकऱ्यानें घेतलेलें चलच्चित्र पुढें जगभर पाहिलें गेलें. तिकडे न्यूयॉर्क राज्यांत स्कोहारी ओढ्यावरचा ब्लेनहाइमचा पूल त्याच दिवशीं गेला. निकोलस पॉवर्स यानें १८५५ मध्यें बांधलेला तो पूल मधें एकही खांब न देतां २१० फूट पल्ला ओलांडीत असे. दीडशें वर्षें पावसापासून छपरानें त्यास राखिलें. वरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त झाला होता, खालून आलेल्याचा झाला नाहीं. बार्टन्सव्हिलच्या लोकांनीं त्याच घाटाचा नवा पूल बांधून २०१३ मध्यें खुला केला. ब्लेनहाइमलाही २०१८ मध्यें नवा झाला. आगीचें भय निराळेंच : मॅडिसन कौंटींतला सीडर पूल २००२ मध्यें कोणी जाळला, नवा बांधला, तर २०१७ मध्यें पुन्हां आग लावली.

असा पूल गेला म्हणजे गांवकरी जुनीं चित्रें शोधूं लागतात. तेव्हां तोंडाचीं, मेपलचीं, कुटुंबाचीं चित्रें शेंकड्यांनीं निघतात. कैचीचे सांधे, खुंट्यांच्या रांगा, दगडी पाया आणि त्याला लागलेलें पाणी यांचीं फार थोडीं निघतात. पाहुण्यानें दहा मिनिटें अधिक खर्चिलीं तर या उणिवेंत भर घालतां येते. म्हणून आमची विनंति अशी कीं, एक चित्र आंतून, लांबवर, दोन्ही कैच्या दिसतील असें घ्यावें; एक सांध्याचें जवळून; आणि एक खालून, पाया व पाणी एकत्र येतील असें. चित्रासोबत तारीख, गांव, ओढ्याचें नांव आणि पाणी भरपूर होतें कीं आटलें होतें, हें लिहून ठेवावें. मोबाइल तारीख आपोआप टिपतो खरा, पण ओढ्याचें नांव त्याला ठाऊक नसतें.

ज्यांस ओढ्यांत उतरणें शक्य नाहीं, त्यांनीं कॉर्निश व विंडसर यांमधला पूल पाहावा. तो मोठ्या कनेक्टिकट नदीवर आहे आणि लांबी ४४९ फूट, म्हणजे काठावरूनच मनसोक्त चित्र मिळतें. १८६६ च्या पुरानें आधींचा पूल नेला व त्याच वर्षीं ९,००० डॉलर खर्चून हा उभा केला. १९४३ पर्यंत येथें जकात द्यावी लागे. घोडे दौडवूं नयेत, दौडविल्यास दोन डॉलर दंड, अशी पाटी दारावर अद्याप आहे. घोड्यांच्या एकसारख्या टापांनीं पूल हादरत असे, हें त्याचें कारण. न्यू हॅम्पशायरच्या काठावर सकाळीं उभें राहिल्यास ऊन पाठीमागून येतें आणि पुलापलीकडे ॲस्कटनी पर्वत दिसतो.

काळाचें म्हणाल तर रंगांसाठीं सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस उत्तम. पाण्यासाठीं मात्र बर्फ वितळण्याचा एप्रिल-मे. त्या दिवसांत कच्चे रस्ते चिखलाने भरतात, तेव्हां जपून. ओले धोंडे कोणत्याही ऋतूंत निसरडेच. साठी उलटलेल्यांनीं चित्रासाठीं पाण्यांत पाऊल घालूं नये, आणि चपला घालून तर ओढ्याच्या अंगासही जाऊं नये. तिपाईचे पाय पाण्यांत रोवले तर प्रवाहानें ते थरथरतात. कोरड्या खडकावर रोवावे. भिंगावर तुषार बसतात, त्यासाठीं मऊ सुती फडकें खिशांत असावें. पदर किंवा सदऱ्याचें टोंक वापरूं नये.

ब्लेनहाइमच्या जुन्या पुलाचें २०११ पूर्वीं घेतलेलें, विशेषतः आंतल्या बाजूचें, एकादें छायाचित्र कोणा वाचकांच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तें आम्हांस पाहावयास धाडावें. तें जपून परत पाठविलें जाईल.