आराम करा, पण कुठे?

बेघरांच्या आरोग्याचा विषय निघाला की एक उत्तर तयारच असतं: ‘सरकारी दवाखाने आहेत, उपचार जवळजवळ फुकट आहेत, आणखी काय द्यायचं?’ असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. मुंबईत गाडीखाली पाय सापडलेल्या फुटपाथवरच्या माणसालाही पालिकेच्या रुग्णालयात दाखल करून घेतात, ऑपरेशनही होतं. पण नंतर हातात पडणारं डिस्चार्ज कार्ड एकदा वाचून पाहा. जखम कोरडी ठेवा. एक दिवसाआड ड्रेसिंग करा. पायावर भार देऊ नका. आठ दिवसांनी ओपीडीत दाखवा. यातली एक तरी सूचना जुलै महिन्यात उड्डाणपुलाखाली पाळून दाखवावी! पायावर भार न देता तिथून संडासलासुद्धा जाता येत नाही. आणि कसाबसा गेलाच, तर मागे ठेवलेलं बोचकं, म्हणजे कार्ड, गोळ्या, एक्स-रे सगळं, अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत.

‘हे लोक औषधं अर्धवट सोडतात’ हा दुसरा आक्षेप. सोडतात, खरं आहे. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, आणि उपाशी पोटी त्या गोळ्या सोसत नाहीत. रुग्णाच्या आहारासाठी सरकार २०१८पासून महिन्याला ५०० रुपये देऊ लागलं, २०२४च्या नोव्हेंबरपासून १०००. योजना चांगलीच आहे. फक्त पैसे बँकेच्या खात्यात जातात, खात्याला कागद लागतात, आणि कागद त्या बोचक्यात होते. मग ‘बेजबाबदार’ नक्की कोण?

गंमत म्हणजे कायद्याला हे उमगलेलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात बेघर माणसाला सरकारी मनोरुग्णसेवेत मोफत उपचारांचा हक्क दिलाय. दारिद्र्यरेषेच्या कार्डाची अट नाही. मनाला जे मिळतं ते मोडलेल्या पायाला का मिळू नये?

उपाय नवा शोधायला नको. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९८५पासून बेघरांसाठी वेगळी आरोग्यसेवा चालते. रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर सोडण्याइतका बराही नाही, अशा माणसाला तिथे खाट, जेवण आणि नर्स मिळते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक, बाराही महिने चोवीस तास उघडा, असा निवारा बांधायला सांगितलं. २०११च्या जनगणनेचा आकडा धरला तरी मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे आजही नाहीत. आधी ते उभे करा, आणि मोठ्या रुग्णालयांजवळच्या निवाऱ्यांत काही खाटा अशा रुग्णांसाठीच ठेवा.

यावर खर्चाचं रडगाणं येईल. पण तोच पाय चिघळला की तोच माणूस त्याच वॉर्डात परत येतो; या वेळी पाय कापायला. हा खर्च तर आपण आजही करतोच आहोत.