पोटासाठी जैन

शनिवारी भाच्याचा वाढदिवस होता. पिझ्झा मागवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. सगळ्यांचे सांगून झाले, मग माझा. फोनवरच्या मुलाला म्हटलं, "यात कांदा-लसूण अजिबात नको." त्याचा पहिला प्रश्न: "मॅडम, जैन आहात का?"

मी "हो" म्हणाले.

धडधडीत खोटं. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं. पण हे खोटं मी ठेच खाऊन शिकलेय. दोन महिन्यांपूर्वी याच दुकानात खरं बोलले होते, की पोटाचा त्रास आहे, डॉक्टरांनी बंद केलंय. "ओके मॅडम, कांदा काढून देतो." काढलाही बिचाऱ्याने. वरचा. खालचा सॉस तोच राहिला, आणि ती रात्र मी कुठे काढली ते सांगत बसत नाही. "जैन" म्हटलं की मात्र सॉसच बदलतो. दुकान तेच, ओव्हन तोच, बहुधा मुलगाही तोच.

मला आयबीएस आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यामुळे घरच्यांचीही समजूत बरीच वर्षं "टेन्शन घेऊ नकोस" याच्यापुढे गेली नव्हती. शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फॉडमॅप आहार दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून जगभर गेलेली ही पद्धत. काही आठवडे संशयित पदार्थ पूर्ण बंद, मग एकेक परत आणून बघायचं, आणि जे खरंच छळतं तेवढंच कायम टाळायचं. माझ्या तपासात गहू थोडा चालतो असं निघालं. मोझरेला चालतं. मशरूम नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही.

त्यात फ्रुक्टन नावाची साखरसाखळी असते. ती तुम्हालाही पचत नाही, कुणालाच पचत नाही. मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो. तुमचं आतडं ते निमूट सोसतं, माझं बोंब मारतं. आणि फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून काढून टाकला तर ते तेल मला चालतं, पण सॉसात शिजलेला कांदा गाळून काढला तरी उपयोग शून्य. हे मी फोनवर सांगायला लागले की पलीकडून "होल्ड करा मॅडम" येतं.

त्या मुलावर राग नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर "जैन" असं बटण आहे, "पोट" असं नाही. आणि ते बटण आपोआप आलेलं नाही. जैन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक हॉटेलात न लाजता विचारत राहिली, म्हणून बाजाराने ऐकलं. मी त्यांच्या कष्टावर फुकट जेवतेय. माझी आजी चातुर्मास पाळायची. कांदेनवमीला भजी झाली की चार महिने कांद्याची टोपली रिकामी, आणि तिची आमटी वेगळी. कुणी तिला नखरेल म्हणालं नाही. तेच मी दुखण्यासाठी मागितलं की "थोडंसं खाल्लं तर काय होतं?"

आता मुद्दा. पाकीटबंद पदार्थावर घटकांची यादी छापावी लागते, जास्त वजनाचा घटक आधी. (तिथेही "मसाले" एवढ्या एका शब्दावर भागवता येतं, ते वेगळंच.) हॉटेलांसाठी एफएसएसएआयचे 2020 चे नियम आहेत. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांनी मेन्यूत कॅलरी दाखवायच्या, आणि ग्लूटेन, दूध, अंडी, शेंगदाणे, सोया अशा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची. चांगला नियम आहे. पण कांदा-लसूण त्या यादीत नाही, कारण ही ॲलर्जी नव्हे. म्हणजे माझ्या पिझ्झ्यात किती कॅलरी आहेत ते मला कळतं, सॉसात काय आहे ते कळत नाही.

कुणी म्हणेल, बाहेर खाऊच नका. आणि मिसळवाल्याला पण लावणार का हा नियम? नाही लावणार. मिसळवाल्याला विचारलं तर तो सरळ सांगतो, "ताई, कटात कांदा आहे, तुम्ही पोहे घ्या." त्याने स्वतः वाटण घातलेलं असतं. साखळीतल्या मुलाला सांगताच येत नाही, कारण सॉस कुठल्यातरी कारखान्यातून तयार येतो. पण तो ज्या पिशवीतून येतो तिच्यावर घटक लिहिलेले असतात! माहिती दुकानाच्या फ्रिजमध्ये पडलेली आहे. ती ॲपवर त्या पिझ्झ्याखाली टाका, एवढंच मागणं आहे. ओरेगॅनोच्या पुडीचीही टाका, तिच्यातही बऱ्याचदा लसणाची पूड असते. नवीन प्रयोगशाळा नको, वेगळा मेन्यू नको, माझ्या धर्माची चौकशीही नको.

आमच्या गल्लीत एक छोटं पिझ्झाचं दुकान आहे, नवरा-बायको चालवतात. मागच्या आठवड्यात तिथे खरं तेच सांगितलं, घाबरतच. दादांनी सॉसच्या डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. यादीत चौथ्या नंबरला कांद्याची पूड. खाली मेसेज: "ताई हा तुम्हाला नको. टोमॅटो किसून मीठ-मिरी घालून लावतो. 10 मिनिटं जास्त लागतील, चालेल का?"

चाललं. दोन तुकडे जास्तच खाल्ले, आणि रात्री झोपले.